क्रिस्ताकचा गोल

त्या गोलाबद्दल लोक मला अजून विचारतात. कॉफी पिताना विचारतात, न्हाव्याकडे विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात हत्यारं घालून विचारलं, "थानासदादा, क्रिस्ताकने तो गोल मारला तेव्हा तुमचा आवाज फाटला होता ना?" मी मान हलवली. तोंडात हत्यारं नसती तरी तेवढंच केलं असतं.

सव्वीस वर्षं मी रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन केलं. तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होता आणि परदेशी संघाशी सामना फक्त राजधानीत व्हायचा, त्यामुळे बाकीच्या अल्बानियाने फुटबॉल पाहिला नाही, माझ्या तोंडून ऐकला. दक्षिणेला समुद्राकाठी आमचं गाव आहे. तिथल्या मासळीच्या कारखान्यात भिंतीवर कर्णा लावलेला होता. सामन्याच्या दिवशी बायका डब्यांत सार्डिन भरता भरता माझं ऐकायच्या. त्यांत हातेमेमावशी असायची. तिचं आणि आमचं अंगण एकच. मी विशीत राजधानीत आलो, पण "आमचा थानास बोलतोय, जरा गप्प बसा गं," असं ती कारखान्यात दरडावते, हे मला गावाहून येणारा प्रत्येक जण सांगायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

तिला दोन मुलगे. थोरला बेजेत मासेमारीच्या बोटीवर इंजिन बघायचा. धाकटा इल्बेर गावच्या क्लबचा नऊ नंबर. वय तेवीस, पाय सडपातळ, डोक्यात फुटबॉलखेरीज काही नाही.

शहात्तर सालच्या ऑक्टोबरात आमचा क्लब बाल्कन कपच्या फायनलच्या उंबरठ्यावर आला. गावच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. समोर सालोनिकाचा ग्रीक संघ. तिकडच्या पहिल्या सामन्यात आम्ही दोन-एक हरलो होतो, पण बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जड धरतात, म्हणून इथे नुसतं एक-शून्य जिंकलो तरी पुरे होतं. दुपारचे अडीच. वीस हजार माणूस. वर लाकडी खोलीत मी, माझा मायक्रोफोन आणि आवाजाचं यंत्र सांभाळणारा रापो.

पहिला अर्धा भाग गोलाविना गेला, पण इल्बेर असा खेळला की ग्रीकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्याचं नाव किती वेळा घेतलं असेल देव जाणे. देवाचं नाव घ्यायला तेव्हा बंदी होती, आता घेतो.

मध्यंतराला स्टुडिओतून लोकगीतं सुरू झाली. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि दार उघडून नुरेदिन आत आला. नुरेदिन कुठल्या खात्याचा हे दारावर लिहिलेलं नसायचं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने रापोचं स्टूल ओढलं, बसला, मला सिगरेट दिली.

"छान चाललंय, थानास. घसा कसा आहे?"

"बरा आहे, कॉम्रेड."

"नऊ नंबरचं नाव फार येतंय."

"तोच खेळतोय, कॉम्रेड. बाकीचे फिरायला आलेत," मी हसत म्हणालो. तो हसला नाही.

"यापुढे घ्यायचं नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नुरेदिनने राख माझ्या बशीत झटकली. "त्याचा भाऊ परवा रात्री बोट घेऊन समोर ग्रीकांच्या कोर्फू बेटावर पळाला. दुपारी ग्रीक रेडिओने डंका पिटला."

बेजेतला मी खांद्यावर बसवून खेळवलेलं. "मग इल्बेरला बाहेर काढायचं ना," मी म्हणालो. आवाज आधीच चिरका झाला होता.

"आणि त्यांचे पत्रकार बसलेत खाली, ते विचारतील, बरा खेळणारा का काढला? खेळू दे की. सामना संपला की बोगद्यापाशी गाडी उभी आहे."

"आणि त्याची आई?"

"तिकडेही गाडी जाईल. संध्याकाळी. का रे, तुला तिची काळजी?"

"नाही, कॉम्रेड. सहज विचारलं."

"पोलिक्सेनी बरी आहे ना?" पोलिक्सेनी माझी बायको. "तिच्या त्या काकांचं काही पत्रबित्र?"

पोलिक्सेनीचा काका एकोणपन्नास साली सीमेपलीकडे गेला, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पत्र कधीच आलं नाही. पण प्रत्येक घराची एक फाईल असायची आणि तो काका आमच्या फाईलमध्ये बसून होता. लग्न झाल्यापासून आम्ही, पुढे दोन मुलींना घेऊन, त्या फाईलभोवती चवड्यांवर चालत आलो होतो. फाईल उघडली की दलदलीतल्या गावात हद्दपारी, मुलींची शाळा बंद, आणि पुढे त्यांच्या मुलांचीही. नुरेदिनने धमकी दिली नव्हती. बायकोची खुशाली विचारली होती.

"नाही, कॉम्रेड. कधीच नाही."

"छान. मी इथेच बसतो. तुझं काम बघायला आवडतं मला."

रापो तेवढा वेळ वायर गुंडाळत होता. इतका ठार बहिरा माणूस मी पाहिला नाही, आणि त्याचा पगार ऐकण्याचा होता.

लाल दिवा लागला. मी बोलायला लागलो आणि पहिल्याच मिनिटाला चेंडू इल्बेरकडे गेला. त्या कार्ट्याला काय माहीत! तो चेंडू मागतच होता, हात वर करून, ओरडून. मी म्हणालो, "चेंडू आता आपल्या नऊ नंबरकडे," आणि नुरेदिनने पेन्सिलने टेबलावर एकदा टक् केलं. नंबरही नाही. मग मी म्हणालो, "चेंडू पुढे जातोय." कोणाकडे? पुढे. "आपला हल्ला." कोणाचा? आपला. दहा खेळाडूंचा संघ घेऊन मी सामना चालवत होतो आणि अकरावा सगळ्या मैदानभर धावत होता.

नुरेदिनकडे मान वळवायची छाती होत नव्हती. सदरा पाठीला चिकटला. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो. मला नुरेदिनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती माझ्या जिभेची वाटत होती. वर्षानुवर्षं ती डोळ्यांच्या मागोमाग चालायची. जे दिसलं ते बोलून मोकळी. तिला आवर घालायची कधी वेळच आली नव्हती. इल्बेरने एकाला चकवलं की नाव थेट दातांपर्यंत यायचं आणि मी खोकायचो. त्या अर्ध्या तासात मी इतका खोकलो की गावात लोकांना वाटलं असेल, थानासला क्षय झाला.

आणि देशाला सगळं कळत असणार. आमचे लोक ऐकू येतं त्यापेक्षा जे ऐकू येत नाही त्याला जास्त कान द्यायचे. एक मेच्या सोहळ्याला हजर पुढाऱ्यांच्या यादीतून एखाद्या मंत्र्याचं नाव गळलं की त्याच्या बायकोला किराणावाला ओळख दाखवत नसे. इल्बेरचं नाव दहा मिनिटं आलं नाही, पंधरा मिनिटं आलं नाही. कारखान्यातल्या बायकांचे हात थांबले असतील, त्या हळूच हातेमेमावशीकडे बघत असतील, असं माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. मनात म्हटलं, मावशी, ओळख गं. गोधड्या बांध. गरम कपडे घे. त्या बेजेतचे फोटो जाळून टाक. निदान गप्प राहून तिला इशारा देतोय, एवढा एक टेकू मी माझ्या भित्रेपणाला लावला होता.

शहात्तराव्या मिनिटाला आमचाच क्रिस्ताक मित्रो उजव्या कोपऱ्यात पडला. त्याचा पाय मुरगळला होता, तो झेंड्यापाशी बसून बूट काढत होता. हे आधीच सांगून ठेवतो. चेंडू मधल्या फळीतून उडत आला. इल्बेर गोलकडे पाठ करून उभा, अंतर तीस मीटर, मागे दोन ग्रीक बैलांसारखे. त्याने चेंडू छातीवर घेतला, खाली पडू दिला नाही, जागच्या जागी वळला आणि डाव्या पायाने मारला. चेंडू वरच्या दांडीला खालून लागला, आत आपटला. गोलकीपर हललासुद्धा नाही. तसा गोल मी पुन्हा पाहिला नाही. जगात कुठेच पाहिला नाही, आणि आता तर घरी डिश अँटेना आहे.

"गोऽऽल!" मी ओरडलो. ते ओरडणं खरं होतं. मी उभा राहिलो होतो.

मग गप्प झालो.

गोल म्हटल्यावर पुढे नाव यायला हवं. पंचवीस लाख माणसं नावासाठी थांबलेली. एक सेकंद गेला, दुसरा गेला. रापोने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुरेदिनची पेन्सिल हवेत. मला दिसत होतं ते एवढंच, ती पेन्सिल, आणि माझ्या धाकट्या मुलीचं दप्तर. इल्बेर म्हणावं तर संपलो. गप्प राहावं तर ही शांतता नावापेक्षा मोठ्याने बोलत होती, आणि तिचाही जाब मलाच विचारला जाणार होता. माझी पाचावर धारण बसली.

"क्रिस्ताक!" मी म्हणालो. "क्रिस्ताक मित्रो! तीस मीटरवरून! डाव्या पायाने!"

आणि मग बांधच फुटला. क्रिस्ताक कसा वळला, क्रिस्ताकने कसं छातीवर घेतलं, मी सगळं रंगवून सांगितलं. खिडकीतून क्रिस्ताक मला दिसत होता, हातात बूट घेऊन लंगडत इल्बेरला मिठी मारायला निघालेला.

लाल दिवा विझला तेव्हा नुरेदिनने माझ्या खांद्यावर थाप मारली. "हुशार आहेस. हे मला सुचलं नव्हतं."

ते खरं होतं. मला कोणीही क्रिस्ताकचं नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. हुकूम फक्त गप्प राहण्याचा होता. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. आणि लाज वाटते, पण सांगतो, त्या थापेने मला बरं वाटलं. मला सडकून भूक लागली.

जिन्यावरून खाली उतरलो तर इल्बेर बोगद्याच्या तोंडाशी. गळ्यात टॉवेल, चेहरा लालबुंद, लोक अंगावर पडतायत. त्याच्या मागे दोन पावलांवर रेनकोटवाले दोघे. बाहेर लख्ख ऊन होतं. इल्बेरने मागे पाहिलं नव्हतं.

"थानासदादा!" तो ओरडला. "आईने ऐकलं असेल ना?"

"ऐकलं असेल," मी म्हणालो.

तो हसला आणि बोगद्यात शिरला. रेनकोटवाले त्याच्या मागोमाग गेले.

पाच मिनिटांनी क्रिस्ताकने मला भिंतीशी गाठलं. त्याची बोबडी वळली होती. "अरे थानास, बाहेर रेडिओ ऐकलेले लोक मला हार घालतायत! तू रेडिओवर काय सांगितलंस? मी तर बूट काढत होतो!"

"तू गोल मारलास."

"मी? माझा डावा पाय फक्त बसमध्ये चढायला चालतो!"

"क्रिस्ताक," मी म्हणालो, "इल्बेर कुठे आहे बघ."

त्याने बोगद्याकडे पाहिलं. बाहेर गाडी सुरू होण्याचा आवाज आला. क्रिस्ताक काही मूर्ख नव्हता. "कोणत्या मिनिटाला मारला मी?" त्याने हळूच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात क्रिस्ताकचा गोल छापून आला. ज्या वीस हजारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी पेपर वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. आठवड्याभरात बारमध्ये लोक एकमेकांना क्रिस्ताक कसा वळला ते उठून करून दाखवायला लागले. क्रिस्ताकला नवीन घर मिळालं. सुरुवातीला तो ती गोष्ट खाली मान घालून सांगायचा, पाचसहा वर्षांनी रंगात येऊन सांगायला लागला, पुढे पुढे तर माझ्यादेखत सांगायचा, आणि मधेच मला विचारायचा, "वारा उलटा होता ना रे त्या दिवशी?" फायनलमध्ये आम्ही चार गोलांनी मार खाल्ला. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

मी घरी गेलो त्या संध्याकाळी पोलिक्सेनीने आधी खिडकी लावली. "कोणी मारला?"

"रेडिओ ऐकला नाहीस?"

"ऐकला म्हणून तर विचारतेय."

तिने माझ्यापुढे सूप ठेवलं आणि मुलींच्या खोलीत जाऊन बसली. त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही. पण जिन्यात रात्री-अपरात्री पाऊल वाजलं की दोघंही जागे व्हायचो आणि पाऊल आपला मजला ओलांडून वर जाईपर्यंत श्वास रोखून पडायचो. पंधरा वर्षं असंच चाललं. कोणी आलं नाही. कधीच कोणी आलं नाही, आणि तरी मी आजही तळमजल्यावरचं दार वाजलं की मोजायला लागतो.

एक्क्याण्णव साली सरकार पडलं, दलदलीतली गावं रिकामी झाली. त्या उन्हाळ्यात माझ्या दारात एक माणूस उभा राहिला. केस पिकलेले, पुढचे दात नाहीत, गुडघा वाकडा. अडतीस वर्षांचा इल्बेर. वाटलं, आता हा मारणार, आणि मारावंच याने.

"दादा, एक काम होतं तुझ्याकडे," तो म्हणाला. "फार वेळ नाही घेणार."

"आत ये रे, बस आधी."

"नको. बस चुकेल. आईला सांगायचंय. गोलाचं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "त्या दिवशी संध्याकाळी तिला कारखान्यातूनच गाडीत घातलं. तिच्या कानात शेवटचं तुझंच बोलणं होतं. पंधरा वर्षं आम्ही एका खोलीत काढली, दादा. दिवसा चर खणायचे, सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यायची. मी तिला शंभरदा सांगितलं, आई, तो गोल मी मारला होता. ती म्हणते, हो बाळा, हो. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते."

मी टोपी घेतली आणि तसाच निघालो. सात तासांची बस. इल्बेर खिडकीशी झोपला. मी मनातल्या मनात नाव घोकत होतो, शाळेतल्या परीक्षेला जाणाऱ्यासारखा.

हातेमेमावशी गावात तिच्या भावाच्या घरी मागच्या खोलीत होती, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत. पार वाळून गेली होती, पण नजर तीच. "थानास! अगं बाई, आवाज तोच आहे," ती म्हणाली, आणि मी तोवर फक्त 'मावशी' म्हटलं होतं.

मी तिच्यासमोर बसलो. आधी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं, कोणी असण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि तरी माझ्या पाठीला घाम सुटला. मग मी सुरू केलं. शहात्तरावं मिनिट. चेंडू हवेत. इल्बेर गोलकडे पाठ करून. इल्बेर छातीवर घेतो, इल्बेर वळतो, डाव्या पायाने मारतो इल्बेर! पंधरा वर्षं गिळलेलं नाव मी त्या खोलीत दहादा घेतलं असेन. आवाज खरंच फाटला. इल्बेर चुलीपाशी पाठ करून उभा होता.

मावशीने शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझा हात हातात घेतला. तिचा हात खडबडीत होता.

"गुणाचा आहेस रे," ती म्हणाली. "याचं मन राखायला एवढ्या लांब आलास. पण मी ऐकलंय ना माझ्या कानांनी. तो दुसऱ्या हाफात नीट खेळलाच नाही. तू त्याचं नाव एकदाही घेतलं नाहीस, तेव्हाच मी म्हटलं, पोराचे पाय गळाले. भाऊ दोन दिवस घरी आला नव्हता ना, त्या काळजीने."

"मावशी, मी खोटं बोललो होतो."

"आत्ता बोलतोयस," ती हसून म्हणाली, आणि इल्बेरला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकली. "तू रेडिओवर कशाला खोटं बोलशील, थानास?"

उत्तर माझ्याकडे होतं. नुरेदिन, पेन्सिल, काका, दप्तर, खांद्यावरची थाप आणि नंतर लागलेली भूक. ती माझ्याकडे बघत होती, माझा हात तिच्याच हातात होता, आणि मला भीती वाटली. या वेळी तिची. तिचंच बरोबर असल्यासारखी मी मान हलवली आणि इल्बेरने आणलेली कॉफी प्यालो.